विम्याचा हप्ता कोणी ठरवावा?

आमच्या एका स्नेह्यांची कन्या कॅलिफोर्नियात राहते. सॅक्रामेंटो शहराच्या पूर्वेस, जेथे सिएरा पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या सुरू होतात, तेथे तिने व तिच्या यजमानांनी कर्ज काढून घर घेतले आहे. भोवती ओकची झाडे आहेत, उन्हाळ्यात पिवळे पडणारे गवत आहे, आणि संध्याकाळी हरणे अंगणात येतात. एके दिवशी तिला विमा कंपनीचे पत्र आले की, चालू मुदत संपल्यावर तुमच्या घराच्या विमापत्राचे नूतनीकरण होणार नाही. इतक्या वर्षांत तिने एकही हप्ता चुकविला नव्हता, की नुकसानभरपाईचा एक डॉलर मागितला नव्हता. पत्राची हकीकत सांगून आमच्या स्नेह्यांनी मला विचारले, "अहो, हा दंड कोणत्या अपराधाचा?"

प्रश्न सरळ होता, उत्तर तितके सरळ नाही. ज्यांची मुले-नातवंडे त्या राज्यात संसार करीत आहेत अशी कुटुंबे आपल्या शहरांतून आता थोडी नाहीत. म्हणून आजच्या भाषणात कॅलिफोर्नियातील घराच्या व मोटारीच्या विम्याच्या कायद्यांत अलीकडे जे फेरफार झाले, त्यांची कथा सांगण्याचे मी योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या देशात विमा हा विषय मध्यवर्ती सरकारच्या अखत्यारीतला. पुण्यास एक कायदा आणि चेन्नईस दुसरा असे येथे होत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्यवस्था नेमकी उलट आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८६९ साली असा निर्णय दिला की, विमा म्हणजे राज्याराज्यांमधील व्यापार नव्हे. १९४४ साली त्याच न्यायालयाने तो फिरविला, आणि पुढल्याच वर्षी तेथील काँग्रेसने खास कायदा करून विम्याचे नियमन पुन्हा राज्यांच्या हाती दिले. तेव्हापासून तेथे जितकी राज्ये तितके विम्याचे कायदे. फ्लॉरिडात राहणाऱ्या भाच्याचा अनुभव कॅलिफोर्नियातील पुतणीस लागू पडेलच असे नाही.

आता कॅलिफोर्नियाकडे वळू. १९८० नंतरच्या दशकात तेथे मोटारविम्याचे हप्ते असे चढत गेले की लोक अगदी जेरीस आले. तेथील राज्यघटनेप्रमाणे मतदारांना कायदेमंडळास बाजूस सारून थेट मतदानाने कायदा करता येतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्यांनी निम्म्याहून थोड्याच अधिक मतांनी "प्रस्ताव क्रमांक १०३" या नावाने ओळखला जाणारा कायदा संमत केला. हप्ते एक पंचमांशाने खाली आणावेत असा हुकूमच त्यात होता. कंपन्यांस वाजवी नफा राहील एवढी सवड ठेवून न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. विमा आयुक्त हा अधिकारी यापुढे लोकांनी निवडून द्यावयाचा, आणि त्याच्या पूर्वसंमतीवाचून कोणत्याही कंपनीने घराचा वा गाडीचा हप्ता वाढवावयाचा नाही, असे ठरले. गाडीचा हप्ता मुख्यत्वेकरून तीन गोष्टींवरून ठरावा: चालकाचा सुरक्षितपणे गाडी हाकण्याचा इतिहास, वर्षभरात तो किती मैल गाडी हाकतो, आणि किती वर्षे हाकीत आला आहे. तो कोणत्या वस्तीत राहतो, ही गोष्ट मागे पडली. गरीब वस्तीतील सावध माणसाने श्रीमंत वस्तीतील बेफिकीर माणसाहून अधिक पैसे का भरावेत, हा त्यामागचा विचार होता, आणि तो मला आजही न्याय्य वाटतो.

परंतु गाडीला जे न्याय्य ते घराला तसेच लागू पडते काय? गाडीचे अपघात दरवर्षी थोड्याफार फरकाने तितकेच होतात. गेली वर्षे पाहून पुढल्या वर्षाचा अदमास बांधता येतो. डोंगरातल्या वणव्याचे तसे नाही. तो वीस वर्षे येत नाही, आणि आला म्हणजे एका दुपारी अख्खे गाव घेऊन जातो. या कायद्याखाली पुढे जे नियम झाले, त्यांनी कंपन्यांना असे बांधून घातले की, वणव्यासारख्या महासंकटांसाठी हप्त्यात जो भाग धरावयाचा, तो मागील किमान वीस वर्षांच्या प्रत्यक्ष नुकसानीच्या सरासरीवरूनच धरावा. हवा तापत आहे, अवर्षणे लांबत आहेत, टेकड्यांवर नवी घरे चढत आहेत, तेव्हा पुढे धोका वाढणार, हे म्हणणे ऐकले जात नसे. तसेच विमा कंपनी स्वतःच्या डोक्यावरचा भार उतरविण्यासाठी जगातील मोठमोठ्या कंपन्यांकडे जो पुनर्विमा उतरविते, त्याचा वाढता खर्चही हप्त्यात मिळविण्यास मनाई होती. नदीवर पूल बांधणाराने मागच्या वीस पावसाळ्यांतील पाण्याची सरासरी काढावी आणि तेवढ्याच उंचीवर पूल ठेवावा, असा हा प्रकार झाला.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सांता रोझा शहराच्या कडेच्या वस्त्या जळाल्या. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी वीजवाहिनीपासून उडालेल्या ठिणगीने पॅरडाइज नावाचे डोंगरातील गाव पेटले. त्या आगीत ८५ माणसे दगावली आणि १८,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. गावाच्या नावाचा अर्थ नंदनवन, हे श्रोत्यांस सांगावयास नकोच. घरविम्याच्या धंद्यात कंपन्यांनी कित्येक वर्षांत मिळविलेला नफा या दोन वर्षांत धुऊन निघाला. साहजिकच त्या हप्तेवाढीच्या मागण्या घेऊन आयुक्ताच्या दारी उभ्या राहिल्या. येथे कायद्यातील आणखी एक कलम आडवे आले. मागितलेली वाढ सात टक्क्यांहून अधिक असेल, तर ग्राहकांच्या वतीने कोणीही मागणी करताच जाहीर सुनावणी घ्यावी लागते, आणि अशा सुनावणीत महिनेच्या महिने जातात. म्हणून कंपन्या नेमकी ६.९ टक्क्यांची वाढ मागू लागल्या. दुकानदाराने शंभराच्या ऐवजी नव्याण्णव रुपये किंमत लावावी, त्यातलाच हा मासला; फरक इतकाच की, येथे गिऱ्हाईक म्हणजे खुद्द सरकार.

हप्ता हवा तितका वाढविता येत नाही आणि धोका तर वाढत आहे, अशा पेचात सापडलेल्या व्यापाऱ्यास एकच वाट मोकळी राहते: माल विकणे बंद करणे. २०१८ च्याच एका कायद्याने एवढे बंधन घातले होते की, वणव्यामुळे आणीबाणी जाहीर झाली असता जळालेल्या व लगतच्या टपालविभागांतील घरांचा विमा वर्षभर नाकारू नये. पण वर्ष संपताच नकाराची पत्रे सुटत. मे २०२३ मध्ये राज्यातील सर्वांत मोठी घरविमा कंपनी स्टेट फार्म हिने नवे घरविमे घेणेच थांबविले, आणि २०२४ च्या मार्चमध्ये सुमारे ३०,००० घरांच्या विमापत्रांचे नूतनीकरण करणार नाही असे जाहीर केले. आमच्या स्नेह्यांच्या कन्येस आलेले पत्र या लाटेतलेच. ते स्टेट फार्मचेच होते की दुसऱ्या कोणाचे, हे येथे महत्त्वाचे नाही. तिने गुन्हा काहीच केला नव्हता. तिचा धोका काय भावाचा आहे हे सांगण्याची कंपनीस मुभा नव्हती, म्हणून कंपनीने तिला काहीच न सांगता निरोप दिला.

असा निरोप मिळाला म्हणजे माणसाची गत काय होते? कायद्याप्रमाणे मुदत संपण्यापूर्वी ७५ दिवस सूचना द्यावी लागते; तेवढ्यात दुसरी कंपनी शोधावयाची. विमा नसला तरी चालेल असे म्हणण्याची सोय नाही, कारण घर बँकेकडे गहाण असते आणि विम्यावाचून बँक गप्प बसत नाही. ती स्वतःच महागडा विमा उतरविते, त्यात संरक्षण बँकेच्या पैशाचे, आणि बिल मात्र घरमालकाच्या नावे. कोणीच कंपनी मिळाली नाही तर शेवटचा आसरा म्हणून "फेअर प्लॅन" नावाची संस्था आहे. १९६० नंतरच्या दशकातील शहरी दंग्यांनंतर काही वस्त्यांना कोणी विमाच देईना, म्हणून १९६८ साली ती निघाली. राज्यात धंदा करणाऱ्या सर्व मालमत्ता-विमा कंपन्यांनी तिचा बोजा मिळून उचलावयाचा असतो. सरकारी तिजोरीचा तीत पैसा नाही. तिचे विमापत्र आग, धूर, वीज इतक्यापुरतेच. चोरी झाली, नळ फुटला, पाहुणा पायरीवरून पडला, तर त्यासाठी दुसरे पूरक विमापत्र निराळे घ्यावे लागते. हा शेवटचा आसरा २०२० ते २०२४ या चार वर्षांत इतका गजबजला की, तिच्या विमापत्रांची संख्या दुपटीहून अधिक झाली.

या अवस्थेत, सप्टेंबर २०२३ मध्ये गव्हर्नरांच्या आदेशानंतर विमा आयुक्त रिकार्डो लारा यांनी जुने नियम बदलण्यास हात घातला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम संमत झाले. मतदारांचा १९८८ चा कायदा तसाच राहिला. त्याखालचे नियम मात्र फिरले. आता हप्ता ठरविताना कंपनीस केवळ मागे पाहण्याचे बंधन नाही. वाऱ्याची दिशा, उताराची तीव्रता, झुडपांचा सुकेपणा, छपराचा प्रकार ही सारी माहिती संगणकात भरून हजारो काल्पनिक उन्हाळ्यांत कोणते घर कितीदा जळेल, याचे गणित मांडता येते, आणि ते सरकारी तपासणीस उतरले की हप्त्यासाठी वापरता येते. पुनर्विम्याचा खर्चही काही मर्यादेत हप्त्यात धरता येतो. या सवलतींचा मोबदला म्हणून मोठ्या कंपन्यांनी धोक्याच्या प्रदेशातील घरे पुन्हा पत्करावयाची आहेत. संबंध राज्यात ज्या कंपनीचा जितका वाटा, त्याच्या किमान ८५ टक्के वाटा तिने अशा प्रदेशांतही उचलला पाहिजे. म्हणजे राज्यातील दर शंभर घरांपैकी २० घरांचा विमा जिच्याकडे आहे, तिच्याकडे टेकड्यांवरील दर शंभरांतली १७ घरे असावीत. हे एका दिवसात होणारे नाही. कंपन्यांना त्यासाठी मुदत आहे.

यावर आक्षेप आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. ग्राहकांच्या संघटना म्हणतात की, संगणकाचे गणित कंपनीच्या पोटात. सामान्य माणसाने ते तपासावे कसे? माझ्या मते हा आक्षेप बिनतोड आहे. मात्र त्यावर मागची वीस वर्षे मोजत बसणे हा उपाय नव्हे. २०२२ च्या नियमांनी एक दार आधीच किलकिले केले होते: कंपनीने आपल्या घराच्या धोक्याला किती गुण दिले आहेत हे विचारण्याचा आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मालकास आहे. आग न धरणारे छप्पर, ठिणग्या आत न शिरू देणाऱ्या झरोक्यांच्या जाळ्या, घराभोवतीची पाच फुटांची जागा झुडपे व लाकूडफाटा काढून मोकळी ठेवणे, अशा खबरदारीबद्दल कंपनीने हप्त्यात सूट दिली पाहिजे, असेही तेच नियम सांगतात. हा हक्क आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

नव्या नियमांची शाई वाळते न वाळते तोच, ७ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्स आणि अल्टाडीना या दोन भागांत भयंकर वणवे लागले. १६,००० हून अधिक इमारती भस्मसात झाल्या, तीसएक माणसे मृत्यू पावली. फेअर प्लॅनजवळचा पैसा पुरेना. तेव्हा फेब्रुवारीत आयुक्तांनी तिला सभासद कंपन्यांकडून १०० कोटी डॉलर वसूल करण्यास संमती दिली. तीस वर्षांत असा प्रसंग आला नव्हता. यातील सुमारे निम्मी रक्कम कंपन्यांना आपल्या ग्राहकांवर बसविता येते. म्हणजे ज्याने जन्मात वणवा पाहिला नाही अशा सान दिएगोतील गृहस्थाच्या बिलातही त्या आगीचा एक कण येऊन पडला. त्याच वर्षी मे महिन्यात स्टेट फार्मला घरविम्याच्या हप्त्यात १७ टक्क्यांची तातडीची हंगामी वाढ मिळाली. ६.९ टक्क्यांचे दिवस मागे पडले.

त्या वणव्यानंतर एक कायदा झाला. तो आकाराने लहान, पण मला फार मोलाचा वाटतो. घर जळाल्यावर सामानाची भरपाई मिळण्यासाठी कंपनीस वस्तूंची यादी द्यावी लागते: वस्तू कोणती, केव्हा घेतली, किंमत काय. श्रोत्यांनी क्षणभर डोळे मिटून आपले स्वयंपाकघर आठवावे. वाट्या किती? डबे किती? कपाटाच्या वरच्या खणात काय होते? लग्नात आलेली चांदीची समई कोणत्या साली, केवढ्याची? आता अशी कल्पना करावी की हे सारे राख झाले आहे, आपण नातलगाच्या घरी एका खोलीत मुलाबाळांसह राहत आहोत, आणि कागद पुढ्यात घेऊन चमचे आठवीत आहोत. कित्येक माणसे या यादीपुढेच हात टेकतात आणि हक्काचा पैसा सोडून देतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने असे ठरविले की, आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीत घर संपूर्ण नष्ट झाले असता सामानाच्या विम्याच्या किमान ६० टक्के रक्कम, ३,५०,००० डॉलरांच्या मर्यादेत, यादी न मागता दिली पाहिजे. बाकीच्यासाठी यादी लागतेच. तेव्हा प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून ती घराबाहेर कोठेतरी जपून ठेवावी. यास खर्च नाही.

येथवर घराचे झाले. गाडीच्या विम्यातही कायद्याची मागे पाहण्याची सवयच नडली, पण निराळ्या रीतीने. कॅलिफोर्नियात अपघात ज्याच्या चुकीने झाला त्याने भरपाई द्यावी असा नियम आहे, आणि ती देण्याचे सामर्थ्य असावे म्हणून प्रत्येक चालकास किमान रकमेचा विमा सक्तीचा आहे. ही किमान रक्कम १९६७ साली ठरली: एका जखमी माणसासाठी १५,००० डॉलर, एका अपघातातील सर्व जखमींसाठी मिळून ३०,०००, आणि दुसऱ्याच्या गाडीच्या वा मालमत्तेच्या नुकसानीसाठी ५,०००. त्या काळी फोक्सवॅगनची नवी बीटल गाडी दोन हजार डॉलरांच्या आत मिळे. म्हणजे पाच हजारांत दोन गाड्या घेऊन वर शिल्लक उरे. पुढे महागाई नऊपटीहून अधिक झाली, तरी कायद्यातला आकडा अर्ध्या शतकाहून अधिक काळ तसाच राहिला. आजच्या गाडीच्या पुढल्या भागात यंत्रांचे डोळे बसविलेले असतात. साध्या धक्क्याने त्यांची मोडतोड झाली तरी पाच हजारांचा फडशा पडतो. रुग्णालयाचा खर्च तर बोलावयासच नको. उरलेली रक्कम जखमी माणसाने एक तर स्वतःच्या खिशातून भरावी, नाही तर चूक करणाऱ्याची मिळकत व पगार यांमागे वकील लावावा.

२०२२ साली झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून या रकमा अनुक्रमे ३०,०००, ६०,००० आणि १५,००० डॉलर केल्या. शिवाय १ जानेवारी २०३५ पासून त्या ५०,०००, १,००,००० आणि २५,००० व्हाव्यात, हेही आताच लिहून ठेविले. पुढली पायरी आगाऊ बांधून ठेवण्याचा हा शहाणपणा मला आवडला, जरी महागाईच्या हिशेबाने पहिली पायरी १९६७ च्या पातळीच्या पुष्कळच खाली आहे. किमान विम्यावर भागविणाऱ्या गरिबाचा हप्ता यामुळे वाढला, हे खरे. अल्प मिळकतीच्या लोकांसाठी राज्याची स्वस्त विम्याची निराळी योजना आहे, परंतु तिचे संरक्षण याहूनही तोकडे. आणि विम्यावाचून गाडी हाकणाऱ्यास १९९६ च्या आणखी एका मतदार-प्रस्तावाने असे शासन केले आहे की, चूक समोरच्याची असली तरी यातनांबद्दलची भरपाई त्याला मागता येत नाही. केवळ प्रत्यक्ष खर्च आणि बुडालेली मजुरी मागता येते.

आपल्याकडून तेथे जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपल्या देशात मोटारीच्या अपघातात तिऱ्हाइतास मृत्यू आला वा इजा झाली, तर विमा कंपनीच्या दायित्वास अशी ठराविक आकड्याची मर्यादा नसते. न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम कंपनी भरते. या सवयीने आपण निर्धास्त असतो. तेथे विमापत्रावर लिहिलेल्या आकड्यापुढे कंपनी एक डॉलर देत नाही. शिवाय काही विमापत्रांत अशी मेख असते की, मालकाने कितीही मोठ्या रकमेचा विमा उतरविलेला असो, त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी गाडी हाकली तर संरक्षण कायद्यातील किमान रकमेइतकेच. मुलाची गाडी घेऊन देवळात किंवा भाजी आणावयास निघालेले वडील या "दुसऱ्या कोणी"त मोडतात की नाही, हे निघण्यापूर्वी मुलाकडून विचारवून घ्यावे.

आमच्या स्नेह्यांच्या कन्येने त्या ७५ दिवसांत अकरा ठिकाणी चौकशी केली. दोघांनी दर सांगितला, तो परवडण्याजोगा नव्हता. अखेर तिने फेअर प्लॅनचे विमापत्र आणि वर एक पूरक विमापत्र घेतले. दोहोंचा मिळून हप्ता पूर्वीच्या अडीचपट झाला आहे. जुन्या कंपनीकडून धोक्याचे गुण मागविले, तेव्हा तीन वर्षांपूर्वी बदललेले छप्पर त्यांच्या दप्तरी अजून लाकडी फळ्यांचेच आहे असे आढळले. ती नोंद दुरुस्त करून घेण्याचा अर्ज तिने केला आहे. भिंतीलगतची जुनिपरची झुडपे तिने काढून टाकली. गाडीच्या विमापत्रात चालक म्हणून वडिलांचे नाव घालून घेतले आहे, कारण स्नेही पुढल्या महिन्यात तिकडे जाणार आहेत.